हात फिरवलेली पानं

सुवर्णा मगदूमच्या वहीचं पान उलटं केलं की तिचं अक्षर मागूनही वाचता यायचं. म्हणजे डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. पेन्सिल ती इतकी दाबायची की प्रत्येक रेघ कागदाच्या मागच्या अंगाला वर उचलून यायची. डोळे मिटून तर्जनी फिरवली तरी 'स' कुठे संपला आणि 'व' कुठे सुरू झाला ते मला कळायचं. तिसरीतल्या बाकीच्या सदतीस मुलांच्या वह्याही मी अशाच उलट्या करून पाहिल्या. चार-पाच जणांची रेघ मागे जाणवत होती. सुवर्णासारखी एकाचीही नव्हती.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षातल्या जुलैचा दुसरा आठवडा असेल. मधल्या सुट्टीत मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. एका कोऱ्या कागदाखाली कार्बन, त्याखाली पुन्हा कागद, पुन्हा कार्बन, असे सहा कागदांचे थर टाचणीने एकत्र लावून तिच्यासमोर ठेवले.

"तुझं नाव लिही."

"सगळं?"

"सगळं. वडिलांचं आणि आडनावसुद्धा."

ती लिहायला लागली. अंगठा आणि तर्जनी पेन्सिलीच्या टोकाशी अशी आवळलेली, की नखांखालचं रक्त मागे हटून नखं पांढरी पडली होती. प्रत्येक अक्षर झालं की ती हात उचलून झटकायची आणि मग पुढचं अक्षर घ्यायची. तीन शब्दांना तिला सव्वादोन मिनिटं लागली. मी थर सोडवले. पाचव्या कागदावर नाव स्पष्ट होतं. सहाव्यावर पुसट.

"बाई, मी काय चुकलो का?" तिने विचारलं. त्या भागातल्या मुली 'मी चुकलो, मी आलो' असंच बोलतात. मी पुण्याकडची, मला पहिले काही महिने ते विचित्र वाटायचं.

"नाही गं. तुझा जोर किती आहे ते मोजत होते."

"किती हाय?"

"पाच कागद."

"आणि बाकीच्यांचा?"

"दोन. फार तर तीन."

"म्हंजे मीच पैली की," ती म्हणाली आणि डबा खायला पळाली.

गाव गडहिंग्लजच्या पुढचं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. शाळा तिथल्या एका जुन्या संस्थेची. मी रसायनशास्त्रातली एम.एस्सी., पुढे बी.एड. माध्यमिकला विज्ञान शिकवण्यासाठी शिक्षणसेवक म्हणून लागले होते. तीन वर्षं मानधनावर काढायची आणि मग कायम होण्याचा आदेश हातात यायचा, असा तेव्हाचा नियम. मुलाखतीत मुख्याध्यापिका शिरगावकर बाईंनी माझी कॉलेजची जर्नल्स चाळली होती. "एवढं सुंदर अक्षर असलेल्या माणसाने नुसती आम्लं न् अल्कली शिकवावीत, हे काही बरं नव्हे," असं म्हणून त्यांनी प्राथमिकच्या तिसरीचा अक्षराचा तास माझ्या माथी मारला. रोजचा शेवटचा. मराठी दुरेघीत, इंग्रजी चौरेघीत. इंग्रजी कर्सिव्ह, म्हणजे अक्षरं जोडून, हात न उचलता.

हे सगळं मी वीस वर्षांनी लिहिते आहे. आता मी दुसऱ्या गावात राहते आणि घरच्या पुढच्या खोलीत मुलांच्या अक्षराची शिकवणी घेते. एका वेळी आठच. तेव्हा मात्र अडतीस होती, आणि त्या अडतिसांची मिळून एक जत्रा भरायची.

जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एक पान लिहून घ्यायचं. त्याला म्हणायचं पहिलं पान. ते शिरगावकर बाईंच्या कपाटात कुलपात. फेब्रुवारीत पुन्हा तोच मजकूर, ते शेवटचं पान. मग सभागृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या ताणून, कपड्यांच्या चिमट्यांनी प्रत्येक मुलाची दोन्ही पानं शेजारी शेजारी लावायची. याचं नाव अक्षरजत्रा. शनिवार-रविवार चार गावांतून माणसं यायची. पहिल्या पानावर कोंबडीने पाय पुसल्यासारखी अक्षरं, शेवटच्यावर मोत्यांची ओळ. बाया तोंडाला पदर लावून बघायच्या. "आमच्याच पोराचं व्हय हे?" असं विचारायच्या आणि पुढच्या जूनला धाकट्यालाही आमच्याच शाळेत घालायच्या.

पहिल्या वर्षीच्या फेब्रुवारीत शिरगावकर बाईंनी माझ्यापुढे शेवटच्या पानांचा गठ्ठा ठेवला.

"खोत बाई, यांच्यावर जरा हात फिरवा."

मी खोडरबर काढलं आणि एक हललेली वेलांटी नीट करायला घेतली. त्या हसल्या.

"असं नव्हे. कोऱ्या कागदावर नवीन लिहा. मुलाच्या वळणाचं, पण सुबक."

"मी लिहू?"

"तुमच्या आधीच्या बाई बावीस वर्षं लिहीत होत्या. फोटो काढताना आपण पोराचे केस विंचरतोच की. त्याला काय फसवणूक म्हणतात?"

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीच त्याला खोटं म्हणत नसे. हात फिरवणं म्हणत. पोळ्या लाटणं, तक्ते रंगवणं, तसं हात फिरवणं.

आणि मला ते फार चांगलं जमलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एका रविवारी दुपारी मी अडतीस मुलांची वळणं वेगवेगळी उतरवली. कुणाचं अक्षर डावीकडे कलतं, कुणाचा 'र' पोट पुढे काढून उभा राहतो, कुणाच्या शब्दांत अंतर जास्त. एवढंच नव्हे, प्रत्येकाची एक चूक मी मुद्दाम ठेवत असे. सगळंच बिनचूक असलं की बघणाऱ्याला संशय येतो. विद्यापीठात आमच्या वर्गातल्या एकाने ब्युरेटची वाचनं प्रयोग न करता घरीच भरून आणली होती. सरांनी त्याच्या जर्नलचं पान शांतपणे फाडलं आणि वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मी सरांच्या बाजूची होते.

पहिल्या वर्षी पानं लिहून झाली तेव्हाच मी ठरवलं होतं की हे उघड बोलायचं. कुणापुढे, कधी, ते ठरवलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ठरवलं की कायम झाल्यावर बोलू. माणूस स्वतःला मुदत किती सहज वाढवून देतो.

सुवर्णा आमच्या शिपायाची मुलगी. दुंडाप्पा मगदूम. शाळेची घंटा, पाणी, मैदान, सगळं त्याच्याकडे. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं, आणि ती सही करताना तोही असाच पेनवर अंग टाकायचा.

मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. पेन्सिलीला रबरबँड गुंडाळला, धरायची जागा वर सरकवली. कपड्यांचे चिमटे उघडझाप करायला दिले. 'हलकं धर, हलकं धर' हे तर दिवसातून दहा वेळा. ऑक्टोबरअखेर कार्बनच्या थरात तिची रेघ पाचवरून चारवर आली होती, बस. आणि कर्सिव्हचं तर नावच नको. प्रत्येक अक्षरानंतर हात उचलायचा, झटकायचा, आणि पुढचं अक्षर आधीच्याला चिकटवायचा प्रयत्न करायचा. भिंतीला विटा चिकटवाव्यात तसे ते शब्द दिसायचे.

डिसेंबरात क्रीडास्पर्धा होत्या. सकाळी लवकर पोचले तर दुंडाप्पा मैदानावर धावपट्ट्या आखत होता. मैदान आखायच्या चुन्याच्या पांढऱ्या पुडीला तिथे फक्की म्हणतात. तो दोरी धरून पुढे चालला होता आणि मागून सुवर्णा, मुठीतून फक्की सोडत. सरळ रेषेला दोरी होती. वळणाला दोरी नव्हती. वळण ती नुसत्या नजरेने घेत होती, आणि ते चक्क कंपासने काढल्यासारखं येत होतं. रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, कुठे तुटलेली नाही. मी पायरीवर उभी राहून बघत राहिले. मूठ अशी ढिली होती की ती त्याच मुलीची आहे यावर माझा विश्वास बसेना.

"सुवर्णा, मध्ये थांबत नाहीस?"

"थांबलं की ढीग पडतोय बाई."

"आणि मूठ आवळली तर?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही फार अडाणी प्रश्न विचारला होता. "आवळली तर येतीच न्हाई की फक्की."

त्या दिवसापासून तिचा अक्षराचा तास मैदानावर. तीन-तीन फूट उंचीची इंग्रजी अक्षरं, फक्कीने. 'एल'चा फेरा, त्यातून 'ई'चा, त्यातून पुढच्या 'टी'ला वर. दुंडाप्पा कपाळाला हात लावायचा. "बाई, मैदान आखायचं सोडून ही पोरगी त्याच्यावर चिठ्ठी लिवाय लागलीया. हेडबाई मला हाकलतील." पण दुसऱ्या दिवशी तोच फक्कीचं पोतं सावलीत आणून ठेवायचा. मग फूटभर अक्षरं, मग पाटीवर, मग वहीवर. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कार्बनचे थर सोडवले तर तिसरा कागद कोरा.

अक्षर सुंदर झालं होतं का? नाही. 'एफ'चा खालचा फास ती उलट्या बाजूने घ्यायची. ओळ शेवटी वर चढायची. 'ण' अजून लंगडत होता. पण ती हात न उचलता लिहीत होती, आणि पूर्ण पान लिहून हात झटकत नव्हती. तिच्या शेवटच्या पानाकडे मी जितका वेळ बघितलं तितकं माझ्या एम.एस्सी.च्या निकालाकडेही बघितलं नसेल.

ते पान घेऊन मी शिरगावकर बाईंकडे गेले.

"बाई, सदतीस पानं लिहिते. हे एक असंच लावू या."

त्यांनी चष्मा सरकवून पान पाहिलं. "हे? ओळ बघा कुठे चाललीय. गच्चीवर?"

"जूनचं पान शेजारी ठेवून बघा. फरक दिसेल."

"तुम्हाला दिसेल हो. बघणाऱ्याला दिसणार नाही. त्याला दिसेल की सदतीस पोरं सुधारली आणि शिपायाची पोरगी मागे राहिली." त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. त्या दुष्ट नव्हत्या. एकोणतीस वर्षं त्यांनी ती शाळा ओढली होती, आणि दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावर बसगाडी असलेली इंग्रजी शाळा निघाल्यापासून त्यांना झोप कमी झाली होती. "तुमच्या प्रयोगात काही चुकलं तर बेसिनमध्ये ओतता येतं, खोत बाई. इथं पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की माणसं जातात. आणि जूनमध्ये तुमचा आदेश निघायचाय. अध्यक्षांच्या, अण्णासाहेबांच्या सहीने."

मी ते पान लिहिलं. अडतिसावं. सुवर्णाच्या वळणाचं, सुबक. तिची एक चूक ठेवायची म्हणून 'एफ'चा फास उलटा ठेवला.

शनिवारी सकाळी जत्रा भरली. सुवर्णा सुतळीखाली मान वर करून उभी होती.

"बाई, हे कुणाचं?"

"तुझं."

"ही चूक माझी हाय," तिने 'एफ'कडे बोट केलं. "पण अक्षर माझं न्हाई."

"तुझंच आहे. नाव वाच."

"नाव माझं हाय," ती म्हणाली. आठ वर्षांची ती मुलगी माझ्यावर उपकार केल्यासारखी तिथून निघून गेली. त्या दिवशी तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

दुपारी संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब आले. मोठा आवाज, मोठं उपरणं. फिरत फिरत ते नेमके सुवर्णाच्या दोन पानांपुढे थांबले. जूनचं पान हातात घेऊन त्यांनी मागून बोट फिरवलं. "पोरीने कागद फाडायचाच बाकी ठेवला होता की. आणि हे आत्ताचं?" मग नाव वाचलं. "मगदूम? आपल्या दुंडाप्पाची?" ते इतके खूश झाले की त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं. उद्या रविवारी अकरा वाजता दुसऱ्या संस्थांचे पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे, सगळ्या पालकांपुढे, ही मुलगी मंचावर बसून लिहून दाखवेल.

दुंडाप्पाने दोन्ही हात जोडले. त्याला वाटत होतं ते पान खरंच तिचं आहे.

रविवारी दहा वाजता शिरगावकर बाई, दुंडाप्पा, सुवर्णा आणि मी, असे चौघे प्रयोगशाळेत होतो. सुवर्णाला नवा फ्रॉक घातलेला. दुंडाप्पाला बाईंनी काल संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं, ते त्याच्या मान खाली घालून उभं राहण्यावरून कळत होतं.

"प्रथमोपचाराची पेटी काढा," बाई मला म्हणाल्या. "उजव्या अंगठ्याला पट्टी बांधा. दारात सापडला म्हणायचं. थोडं लाल औषधही लावा, खरं वाटेल."

"बाई, ती लिहिते. चांगलं लिहिते. लिहू दे तिला."

"तिथं टांगलंय तसं लिहील?"

मी पेटी टेबलावर घेतली.

"मग बांधा. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. पोरीला शाबासकी मिळेल, वहीपेन्सिल मिळेल, सगळे टाळ्या वाजवतील. तिचं काय जातंय?"

"मला लागलेलं न्हाई," सुवर्णा म्हणाली.

"माहितेय बाळ. गंमत करायची आहे थोडी. विचारलं तर म्हणायचं, दारात सापडला. काय म्हणायचं?"

सुवर्णा आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. शिरगावकर बाई पाहुण्यांच्या स्वागताला गेल्या.

मी पेटी उघडली. पट्टीचं बंडल काढलं. माझे हात माझं ऐकत होते, हेच वाईट. कापसाचा बोळा लाल औषधात बुडवला, तिच्या अंगठ्यावर टेकवला. तिने हात मागे घेतला नाही.

"बाई," दुंडाप्पा खिडकीकडे बघत म्हणाला. "एक इचारू का?"

"विचारा."

"आमच्या पोरीचं अक्षर लई वाईट हाय का वो? म्हंजे हातच बांधून ठेवायला पायजे, एवढं?"

"नाही दुंडाप्पा."

"न्हाई, खरं सांगा. काल ते पान बघून मी घरात साखर वाटली. मग हेडबाईंनी सांगितलं. हिची आई म्हणाली, आपलंच अक्षर खराब, त्याला बाईंनी तरी काय करायचं." त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. "मी म्हणलं, मैदानावर तर नीट लिवत होती की."

"नीटच लिहीत होती."

"मग?"

त्याचं उत्तर तीन वर्षं माझ्यापाशी पडून होतं. पण मी पट्टी गुंडाळत राहिले. पाच वेढे. शेवटचं टोक मधोमध चिरून गाठ मारली. सुवर्णाने तो पांढरा गोळा डोळ्यांपुढे धरून पाहिला.

"बाई, मी लिवलेलं पान कुठं हाय?"

"कुठलं?"

"मी लिवलेलं. चढ लागलेलं."

"आहे."

"मग ते का न्हाई लावलं?"

घंटा झाली. ती दुंडाप्पालाच द्यायची असते, पण त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी दिली.

सभागृह गच्च भरलं होतं. खिडक्यांच्या गजांना धरूनही माणसं उभी. डोक्यावर सुतळ्यांवर शहात्तर पानं पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. मंचावर टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर कोरी वही आणि नवी टोक केलेली पेन्सिल. पाहुणे सहा. अण्णासाहेब मधोमध. मी मंचाच्या पायऱ्यांशी उभी होते, विज्ञानाच्या शिक्षकांची जागा तीच असे, पंख्या-माईकचं काही बिघडलं तर.

अण्णासाहेबांनी सुवर्णाची दोन्ही पानं हातात उंच धरली. "हे जूनचं. हे फेब्रुवारीचं. शिपायाची पोरगी आहे ही. पैशाने अक्षर येत नाही, ते शाळेने द्यावं लागतं. लोक आम्हाला विचारतात, तुमच्या शाळेला बस आहे का. आम्ही म्हणतो, आमच्याकडे हे आहे." टाळ्या झाल्या. "ये पोरी. लिहून दाखव पाहुण्यांना."

सुवर्णा पायऱ्या चढून गेली. पट्टी बघून पहिल्या रांगेतल्या बाया चुकचुकल्या. शिरगावकर बाई लगेच पुढे झाल्या. "अण्णासाहेब, दुर्दैवाने आज सकाळीच पोरीच्या हाताला लागलं. दारात अंगठा सापडला. डॉक्टरांनी…"

"अरेरे." अण्णासाहेब खाली वाकले. आवाज एकदम घरगुती झाला. "कसं लागलं गं बाळ?"

सुवर्णाने शिरगावकर बाईंकडे बघितलं. मग दाराशी उभ्या वडिलांकडे. दुंडाप्पाने मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही.

"मला न्हाई ठाऊक," ती म्हणाली. "बाईंनी बांधलंय. बाईंना इचारा."

लोक हसले. लहान मुलं कुठेही काहीही बोलतात म्हणून जसे हसतात तसे. अण्णासाहेबही हसले आणि माझ्याकडे वळले. "खोत बाई, तुम्ही बांधलंत होय? काय झालं तिला?"

मी पायऱ्या चढले. तीन पायऱ्या. शिरगावकर बाई माझ्या जवळ सरकल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "जूनमध्ये आदेश आहे तुमचा. विचार करा."

विचार मी तीन वर्षं केला होता. त्यात आणखी एका मिनिटाची भर घालून काही नवीन निष्पन्न होणार नव्हतं.

मी सुवर्णाचा हात हातात घेतला. गाठ मीच मारलेली, त्यामुळे एका ओढीत सुटली. पाच वेढे उलगडले. अंगठा लाल होता, औषधाने. ओढणीच्या टोकाने मी तो पुसला. सगळं निघालं नाही, पण खाली कातडी अखंड आहे हे पहिल्या रांगेला दिसलं असावं, कारण चुकचुकणं थांबलं.

"हिला काही झालेलं नाही," मी म्हणाले. मी हळू बोलते अशी माझी ख्याती होती, वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज जात नाही अशी तक्रारही होती. त्या दिवशी गेला. खिडकीतली माणसं पुढे वाकली.

"बाई, खाली चला," शिरगावकर बाईंनी माझं कोपर धरलं. मी ते सोडवून घेतलं.

"ही काय पद्धत आहे?" अण्णासाहेब खुर्चीचे हात धरून उठायला लागले.

मी टेबलावरची पेन्सिल उचलून सुवर्णाच्या हातात दिली, आणि सभागृहाकडे तोंड केलं.

"हे फेब्रुवारीचं पान सुवर्णाने लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. इथे टांगलेली अडतीस शेवटची पानं मी लिहिली आहेत. मागच्या दोन वर्षांचीही मीच लिहिली. मुलांनी लिहिलेली पानं वेगळी आहेत, आणि ती चांगली आहेत, आणि ती तुम्हाला कुणी दाखवली नाहीत. यापुढे मी एकाही मुलाचं पान लिहिणार नाही. बसा, अण्णासाहेब. आता सुवर्णा लिहील."